साठवण आणि मूळ पाठ : संगणकीय शब्दसूचीच्या संदर्भात एक विचार

१. विषयप्रवेश

ग्रंथाच्या अभ्यासकाला मूळ ग्रंथ आणि त्या ग्रंथावरून सिद्ध केलेली साधने यांतील भेद सतत ध्यानात ठेवावा लागतो. शब्दसूची, पादसूची, पाठभेदांचे तक्ते, कोशाच्या चिठ्ठ्या ही सारी साधने मूळ पाठावरून निघालेली असतात; ती मूळ पाठाची जागा घेऊ शकत नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने संस्कृत महाकोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे दीड हजार ग्रंथांवरून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि १९७६ पासून कोश क्रमाक्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. एखाद्या शब्दाचा अर्थ लिहिताना कोशकार दर वेळी दीड हजार ग्रंथ नव्याने वाचत नाही. तो त्या शब्दाच्या चिठ्ठ्या काढतो. श्रम एकदाच करावयाचे आणि त्यांचे फळ जतन करून पुन्हा पुन्हा वापरावयाचे, हे चिठ्ठीमागील तत्त्व आहे. या तत्त्वातच चिठ्ठीची मर्यादाही दडलेली आहे. चिठ्ठी लिहिल्यानंतर ग्रंथाची अधिक शुद्ध आवृत्ती निघाली, तर चिठ्ठी आपणहून बदलत नाही. ती पूर्वीइतक्याच स्वच्छ अक्षरात पूर्वीचाच पाठ सांगत राहते.

आज भारतीय भाषांतील ग्रंथ संगणकावर आणून त्यांच्या सूची करण्याचे काम ठिकठिकाणी चालू आहे. तेथेही हाच व्यवहार घडतो. ग्रंथाचे शब्द वेगळे करणे, त्यांचे मूळ रूप ठरवणे, स्थळे नोंदवणे यांस वेळ लागतो. म्हणून आज्ञावली एकदा काढलेले उत्तर फाइलीत ठेवून देते आणि तोच प्रश्न पुन्हा आला की मोजदाद न करता ठेवलेले उत्तर परत करते. हा भाग प्रोग्रामर मंडळींचा आहे, असे समजून साहित्याचा अभ्यासक त्याकडे सहसा लक्ष देत नाही. परंतु अभ्यासकाच्या हाती पडणारा आकडा पुष्कळदा मूळ पाठावरून आलेला नसून या ठेवलेल्या फाइलीतून आलेला असतो. म्हणून ती फाइल कशी तयार होते, तिच्यावर विश्वास केव्हा ठेवावा आणि केव्हा ठेवू नये, याचा विचार पाठचिकित्सेच्याच दृष्टीने करणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखात पायथन या भाषेबरोबर मिळणाऱ्या एका लहानशा लायब्ररीचे उदाहरण घेऊन तो विचार केला आहे.

२. संज्ञेविषयी

इंग्रजीत अशा ठेवीला जो शब्द आहे तो मूळचा फ्रेंच. लपवणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला असून त्याचा अर्थ लपवून ठेवण्याची जागा असा होतो. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मोठ्या, मंद स्मृतीच्या जोडीला लहान, जलद स्मृती देण्याची कल्पना मांडली तेव्हा तिला त्यांनी दास-स्मृती म्हटले होते. १९६८ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम ३६०, मॉडेल ८५ या यंत्रात ही कल्पना प्रत्यक्षात आली आणि पुढे तिच्यासाठी फ्रेंच मूळचा शब्द रूढ झाला. त्याच १९६८ साली डोनाल्ड मिची यांनी, एखाद्या गणिती क्रियेने पूर्वी दिलेली उत्तरे आठवणीत ठेवून ती पुन्हा द्यावीत, असा विचार 'नेचर' या नियतकालिकात मांडला. पहिली कल्पना यंत्राच्या रचनेतील आहे, दुसरी आज्ञावलीच्या रचनेतील. आपला संबंध मुख्यतः दुसरीशी आहे.

मराठीत हा शब्द 'कॅश' असा उच्चारला आणि लिहिला जातो. पण मराठी कानाला कॅश म्हणजे रोकड. या घोटाळ्यातून सुटण्यासाठी येथे 'साठवण' हा घरगुती शब्द वापरला आहे. उन्हाळ्यात घातलेले पापड, कुरडया, लोणची यांना आपण साठवणीचे पदार्थ म्हणतो. पुढे लागेल म्हणून आधी केलेले, नीट बंद करून ठेवलेले आणि विशिष्ट काळानंतर तपासूनच वापरावयाचे, हे तिन्ही अर्थ त्या शब्दात आहेत. योगायोग असा की पायथनमध्ये वस्तू फाइलीत घालण्यायोग्य रूपात आणणाऱ्या विभागाचे नावच 'पिकल', म्हणजे लोणचे, असे आहे.

३. फळीवरील साठवण

गीडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रथम प्रसृत केलेल्या पायथन भाषेत 'शेल्व्ह' नावाची एक लहान लायब्ररी आहे. फळीवर ठेवणे हा त्या क्रियापदाचा अर्थ. तिचे काम थोडक्यात असे : एक फाइल उघडावयाची, एखाद्या नावाखाली एखादी वस्तू तिच्यात ठेवावयाची आणि पुढे त्याच नावाने ती परत मागावयाची. नाव हे अक्षरांचे बनलेले असावे लागते. वस्तू मात्र पिकलच्या साह्याने साठवता येईल अशी कोणतीही चालते. खाली प्रत्यक्ष फाइल सांभाळण्याचे काम डीबीएम या जुन्या पद्धतीकडे असते. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली तिची पहिली आवृत्ती लिहिली होती.

समजा, एका अभ्यासकाने ज्ञानेश्वरीची शब्दसूची करावयास घेतली आहे. 'माउली' या शब्दाची सर्व स्थळे त्याने एकदा शोधली आणि ती यादी त्या शब्दाच्या नावाखाली फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी आज्ञावली प्रथम फळीवर पाहील. यादी मिळाली तर तीच देईल, न मिळाली तर ग्रंथ धुंडाळून नवी यादी करील आणि फळीवर ठेवील. साठवणीचा सारा व्यवहार एवढाच आहे. पण एवढ्या साध्या व्यवहारातही तीन सूक्ष्म गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली अशी की, फळीवरून जी यादी हाती येते ती प्रत असते. तिच्यात एक नवे स्थळ जोडले, तरी फळीवरील यादी बदलत नाही; दुरुस्त केलेली यादी त्याच नावाखाली पुन्हा ठेवावी लागते. फळी उघडतानाच 'मागे लिहा' हा पर्याय निवडला, तर फळी बंद होताना असे फेरफार आपोआप उतरवले जातात. मात्र त्यासाठी हाताळलेल्या सर्व वस्तू स्मृतीत धरून ठेवाव्या लागतात. हा नियम ठाऊक नसलेल्याच्या हातून दुरुस्त्या निमूटपणे हरवतात. यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही.

दुसरी गोष्ट, एकच फळी अनेक जण एकाच वेळी वाचू शकतात. पण एक जण लिहीत असताना दुसऱ्याने ती वाचणे वा तिच्यात लिहिणे या लायब्ररीला मान्य नाही. एका विभागातील चार संशोधकांनी एकाच फाइलीत आपापल्या नोंदी घालावयाच्या असतील, तर त्यांना निराळी व्यवस्था पाहिली पाहिजे.

तिसरी गोष्ट, फाइलीचे अंतर्गत रूप त्या त्या संगणकावर कोणती डीबीएम पद्धती उपलब्ध आहे यावर अवलंबून असते. २०२४ साली आलेल्या पायथनच्या ३.१३ या आवृत्तीपासून, जेथे उपलब्ध असेल तेथे, नव्या फाइलींसाठी एसक्यूलाइटवर आधारलेली पद्धती वापरली जाते. एका संगणकावर तयार केलेली फळी दुसऱ्यावर उघडेलच, असे म्हणून समजता येत नाही. फळी ही आपल्या टेबलाजवळची सोय आहे. तिला ग्रंथालयातील कायमच्या प्रतीचे स्थान देऊ नये.

४. नावाचा प्रश्न : आचारी की आचार्य

साठवणीतील वस्तू नावाने मिळते. म्हणून नाव ठरवणे हा यातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि भारतीय लिप्यांच्या बाबतीत तो दिसतो त्यापेक्षा फार अवघड आहे.

मराठीत 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' ही दोन भिन्न रूपे आहेत. पहिल्यात आचार्य आहे, दुसऱ्यात आचारी, म्हणजे स्वयंपाक करणारा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोल जागा, हे दुसरे युग्म. उच्चारात आघाताचा आणि लेखनात केवळ र-काराच्या आकाराचा फरक. पण तेवढ्याने शब्द बदलतो. आता युनिकोडमध्ये हा मराठी र-कार तीन तऱ्हांनी लिहिलेला आढळू शकतो. एक, ०९३१ या क्रमांकाचे 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्यापुढे हलन्त-चिन्ह आणि य. दोन, साधा र, त्याला नुक्ता, मग हलन्त-चिन्ह आणि य. तीन, साधा र, हलन्त-चिन्ह, त्यानंतर पडद्यावर न दिसणारे जोडचिन्ह आणि मग य. 'आचाऱ्यास' आणि 'आचार्‍यास' हे दोन छापील आकार डोळ्याला एकच दिसतात. संगणकाला ते दोन निराळे शब्द आहेत. पहिल्या रूपाच्या नावाखाली ठेवलेली यादी तिसऱ्या रूपाने मागितली, तर साठवणीत ती नाही असेच उत्तर येईल. सूचीत एक शब्द दोन ठिकाणी पडेल आणि त्याची वारंवारता दोहोंत विभागली जाईल.

यावर प्रमाणीकरणाचा उपाय सांगितला जातो. युनिकोडने ठरवलेल्या प्रमाण रूपांपैकी एनएफसी हे रूप वापरले, तर वर सांगितलेली पहिली आणि दुसरी तऱ्हा एक होतात. र आणि नुक्ता मिळून ०९३१ हे अक्षर बनते. परंतु तिसरी तऱ्हा वेगळीच राहते, कारण युनिकोडच्या दृष्टीने ती पहिलीशी समतुल्य नाही. दोहोंस एक मानावयाचे असेल, तर तसा नियम अभ्यासकाने स्वतः करून आज्ञावलीत घातला पाहिजे.

याहून गंभीर धोका दुसरीकडे आहे. मजकूर स्वच्छ करणाऱ्या काही आज्ञावली न दिसणारी चिन्हे निरर्थक समजून काढून टाकतात. तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या 'आचार्‍यास' या शब्दातून ते जोडचिन्ह काढले, की उरतो तो 'आचार्यास'. स्वयंपाकघरातला आचारी एका क्षणात पीठावरील आचार्य होतो. यात अक्षर गळाल्याची खूण राहत नाही, शब्द निरर्थक होत नाही आणि वाक्यही बहुधा चालून जाते. मठाच्या किंवा वाड्याच्या हिशेबांचा अभ्यास करणाऱ्याने अशा सूचीवर भिस्त ठेवली, तर धान्य-तूप घेणारी माणसे विद्वान म्हणून मोजली जातील. एका अदृश्य चिन्हाचा हा परिणाम आहे.

हा प्रश्न मराठीपुरता नाही. बंगालीतील खंड त २००५ साली युनिकोडच्या ४.१ या आवृत्तीत स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्यापूर्वी तो त, हसन्त आणि जोडचिन्ह असा लिहिला जात असे. मलयाळममधील चिल्लु अक्षरे २००८ साली ५.१ या आवृत्तीत स्वतंत्र झाली. त्यांचीही पूर्वीची रीत तीच. म्हणजे या वर्षांच्या अलीकडे आणि पलीकडे टंकलेल्या ग्रंथांत एकाच अक्षराची दोन रूपे असणे स्वाभाविक आहे. हिंदीतील क़, ज़ इत्यादी अक्षरांना स्वतंत्र क्रमांक असूनही एनएफसी रूपात ती नेहमी मूळ अक्षर आणि नुक्ता अशी सुटी होतात. उर्दूत अरबी ये आणि फारसी ये यांचे क्रमांक भिन्न असून प्रमाणीकरणाने ते एक होत नाहीत. प्रत्येक भाषेच्या अभ्यासकाने आपल्या लिपीपुरते हे नियम निश्चित केले पाहिजेत. ते लायब्ररीच्या कर्त्याकडून मिळणार नाहीत.

५. एका उत्तरास एक फाइल

फळीऐवजी दुसरी रीतही रूढ आहे. तीत प्रत्येक उत्तराची स्वतंत्र फाइल केली जाते. येथे प्रश्न हाच फाइलीचे नाव करावा, असे प्रथम वाटते. पण लिनक्सवरील बहुतेक फाइल-व्यवस्थांत नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते आणि यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे मात्रा, हलन्त-चिन्हे धरून ८५ चिन्हांत नाव संपले पाहिजे. एखादी पूर्ण ओवी नावात मावेलच असे नाही.

यासाठी प्रश्नावरून एक ठसा काढतात. एसएचए-२५६ या रीतीने कोणत्याही लांबीच्या मजकुरापासून षोडशमान पद्धतीतील ६४ चिन्हांचा ठसा मिळतो. मजकुरात एक मात्रा बदलली, तरी ठसा पूर्णतः पालटतो. आणि तोच मजकूर असेल, तर कोणत्याही संगणकावर, कोणत्याही दिवशी तोच ठसा मिळतो. पायथनमध्ये 'हॅश' नावाची एक अंगभूत क्रिया आहे. ती मात्र या कामास निरुपयोगी. २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून, सुरक्षिततेसाठी, अक्षरमालिकेबाबत तिचे उत्तर आज्ञावली चालू करावी तसे दर खेपेस बदलते. तिच्यावरून नावे दिली, तर कालची साठवण आज सापडणार नाही. फाइली फार झाल्या, तर ठशाच्या पहिल्या दोन चिन्हांवरून २५६ उपफोल्डर करतात; २००५ साली निर्माण झालेली गिट ही व्यवस्थाही आपल्या सुट्या वस्तू अशाच विभागून ठेवते.

फाइलीतील मजकुराचे रूप कोणते असावे, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. पिकल सोयीचे खरे, पण त्याची फाइल उघडताना तिच्यात दडवलेली आज्ञा चालवली जाऊ शकते. परक्याकडून आलेली अशी फाइल उघडणे म्हणजे अनोळखी माणसाला घरात मोकळे सोडणे होय. विद्यापीठाविद्यापीठांत देवघेव करावयाची असेल, तर जेसन हे साधे, वाचता येण्याजोगे रूप बरे. एवढेच पाहावे की पायथनमध्ये ते, निराळी सूचना न दिल्यास, देवनागरीतील प्रत्येक चिन्ह सहा रोमी चिन्हांच्या सांकेतिक रूपात लिहिते. 'आचारी' या पाच चिन्हांच्या शब्दास यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट लागतात, सांकेतिक रूपात ३०. जागेपेक्षाही येथे वाचनीयता महत्त्वाची आहे. साठवण डोळ्यांनी तपासता आली, तरच तिच्यातील दोष अभ्यासकाच्या नजरेस येतात.

लिहिता लिहिता वीज गेली, तर फाइल अर्धवट राहते आणि पुढे तीच अपुरी यादी उत्तर म्हणून दिली जाण्याचा संभव असतो. यासाठी मजकूर प्रथम त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण करतात आणि मग एका क्रियेने त्याला खरे नाव देतात. वाचणाऱ्याला एक तर जुनी फाइल पूर्ण मिळते, नाही तर नवी पूर्ण मिळते. फोल्डर तेच का असावे, तर दुसऱ्या फाइल-व्यवस्थेतून नाव बदलून आणणे शक्य नसते. तेथे प्रत करावी लागते आणि प्रत मध्येच तुटू शकते.

६. साठवण शिळी केव्हा होते

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ठेवलेले उत्तर आज खरे आहे, हे कशावरून ठरवावयाचे?

हवामान किंवा बाजारभाव यांसाठी काळाची मुदत घालणे ठीक आहे. अमुक तासांनंतर ते उत्तर टाकून द्यावे, असे म्हणता येते. ग्रंथ मात्र काळाने शिळा होत नाही. तो संपादकाने दुरुस्त केला म्हणजे बदलतो. दुरुस्ती वर्षभरात एकही नसेल किंवा एका दिवशी दहा असतील. फाइलीवरील तारीख पाहावी, तर प्रत करताना ती सहज बदलते आणि जुनी प्रत नव्या तारखेने मिरवू शकते. म्हणून खात्रीचा मार्ग एकच : मूळ पाठाचाच ठसा काढून तो साठवणीच्या नावात समाविष्ट करणे. सुमारे नऊ हजार ओव्यांचा ग्रंथ ढोबळमानाने दोन-तीन मेगाबाइटांत मावतो. त्याचा ठसा काढणे हे सूची करण्याच्या तुलनेने नगण्य काम आहे.

पण पाठाचा ठसा पुरेसा नाही. समजा, न दिसणारे जोडचिन्ह काढून टाकणारा सदोष नियम लक्षात आला आणि तो सुधारला. ग्रंथ तोच, प्रश्न तोच. बदलला तो नियम. साठवणीच्या नावात नियमाची नोंद नसेल, तर सुधारणेनंतरही फाइलीतील जुनाच आचार्य पुढे येत राहील आणि सुधारणा निष्फळ झाली असा भ्रम होईल. यास्तव नावात तीन घटक असावेत : पाठाचा ठसा, नियमांच्या आवृत्तीचा क्रमांक आणि प्रत्यक्ष प्रश्न. तिघांपैकी एक बदलला, की नाव बदलते. जुने उत्तर पुसण्याची गरज उरत नाही, कारण ते कोणी मागतच नाही. न मागितलेल्या फाइलींनी जागा अडते, तेवढी अधूनमधून मोकळी करावी.

हा विचार मराठी ग्रंथपरंपरेस परका नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून ज्ञानेश्वरी असे नुसते म्हणणे अभ्यासकाला पुरेसे वाटत नाही. कोणत्या प्रतीची, कोणत्या परंपरेची, हे तो विचारतो. शब्दाच्या वारंवारतेचा आकडा देतानाही तोच प्रश्न विचारला गेला पाहिजे. ग्रंथाचे केवळ नाव घेऊन ठेवलेली साठवण दोन प्रतींची उत्तरे एका नावाखाली मिसळते, आणि अशी मिसळ झाल्यावर ती पुन्हा निवडून काढता येत नाही.

७. समारोप

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. साठवण हे श्रम वाचवण्याचे साधन आहे, प्रमाण नव्हे. तिच्यातील कोणत्याही उत्तराला मूळ पाठ, नियम आणि प्रश्न या तिहींचा आधार नोंदवलेला असला पाहिजे. लिपीच्या रूपांविषयीचे निर्णय अभ्यासकाने स्वतः घेऊन ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवले पाहिजेत. संगणकीय सूचीवरून काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध करताना आवृत्तीचा जसा निर्देश करतात, तसाच या नियमांच्या आवृत्तीचाही करावा.

याची एक सोपी कसोटी आहे. साठवणीचे संपूर्ण फोल्डर पुसून टाकावे आणि सूची मूळ पाठावरून नव्याने करावी. उत्तरे तीच आली, वेळ तेवढा अधिक लागला, तर साठवण निर्दोष आहे. उत्तरे बदलली, तर ती कोठे आणि का बदलली, हे शोधल्यावाचून पूर्वीचा एकही आकडा ग्राह्य धरू नये. आणि पुसण्याचे धैर्यच होत नसेल, कारण तिच्यात असे काही आहे जे अन्यत्र कोठेही नाही, तर ती साठवण राहिलेली नसून नकळत मूळ ग्रंथ होऊन बसली आहे. हाताने केलेल्या दुरुस्त्या, संपादकाचे निर्णय, संशयित स्थळांच्या खुणा यांची जागा साठवणीत नाही. त्या मूळ पाठाबरोबर, स्वतंत्रपणे आणि कायमच्या जपल्या पाहिजेत. चिठ्ठी आणि ग्रंथ यांतील जो भेद आपल्या कोशकारांनी कसोशीने पाळला, तो संगणकाच्या फाइलींतही तितक्याच कसोशीने पाळणे हे आजच्या अभ्यासकाचे कर्तव्य आहे.